वेगळं ताट, बंद जनेल

गेल्या पावसाळ्यात मावशी न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, बायकांच्या वॉर्डात जनेलाजवळची, म्हणजे खिडकीजवळची, खाट मिळाली, आणि दुसऱ्याच दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. त्यांत गावची मामी होती. रक्ताचं नातं काही नाही, पण मावशीच्या लग्नापासून भिंतीला भिंत लावून राहिलेली. डिचोली तालुक्यातल्या त्या गावाहून ती भर पावसात दोन बसा बदलून आली. हातात ओली छत्री, पिशवीत देवळातला प्रसाद आणि केळीच्या पानात गुंडाळलेला अबोलीचा वळेसर. आली तशी खाटेच्या कडेला टेकली, मावशीच्या गालावरून हात फिरवला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि मग पदर तोंडाला लावून खोकली. एकदा, पुन्हा एकदा, मग तिसऱ्यांदा जरा लांबलेलं. पलीकडच्या खाटेवर नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली एक म्हातारी होती. सिस्टर तिचा ताप बघत होती, तिने मान वळवली आणि आदरानेच, पण सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामी, तुमकां खोंकली आसा न्हू? मास्क घालात, ना जाल्यार भायर बसात."

मामी उठली. प्रसाद आणि फुलं लॉकरवर ठेवली, आमच्याकडे न बघता पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली, आणि भेटीची वेळ संपायच्या आतच निघून गेली. मी खाली जाईपर्यंत तिची बस गेली होती. नंतर गावात म्हणे ती एवढंच बोलली, "म्हाका भायर काडली." पुढे एका लग्नात भेटली तेव्हाही आमच्याशी मोजकंच बोलली.

सिस्टरचं काही चुकलं नव्हतं. मामीचंही नाही. म्हणूनच ते मनातून जाईना.

आजाऱ्याला भेटायला जाणं हे आपल्याकडे कर्तव्य असतं, आणि गोव्यात तर ते टाळायला सबबही नसते. पेडण्याहून काणकोणला गेलं तरी दिवस मोडत नाही, मग डिचोलीहून जायला काय झालं? कोण आलं आणि कोण आलं नाही हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं, मयताच्या खालोखाल आजारपणाचं. ज्या माणसांना 'माझा तुझ्यावर जीव आहे' हे वाक्य आयुष्यात कधी उच्चारता आलं नाही, ती माणसं खाटेवर टेकून, अंगावरून हात फिरवून, शहाळं फोडून देऊन ते सांगतात. मामीच्या खोकल्याला तिच्या लेखी काही किंमतच नव्हती. पावसात भिजलं की चार दिवस खोकला यायचाच. घरी त्यासाठी कुणी काम थांबवत नाही, मग इतकं महत्त्वाचं जाणं का थांबवावं? तोच साधा खोकला खुबा बदललेल्या, पाठीवर पडून असलेल्या ऐंशीच्या घरातल्या बाईच्या छातीत उतरला तर न्युमोनिया होतो, आणि खुबा मोडलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना हाड नव्हे, तो न्युमोनिया घेऊन जातो, हे तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं.

मलाही त्या वॉर्डात बसूनच नीट समजलं. छातीत जंतू जाऊ नयेत म्हणून रुग्णालयात जे करतात त्यातलं बरंचसं किती साधं असतं, हे बघून मला नवल वाटलं. खाटेची डोक्याकडची बाजू उचलून ठेवायची, तीस अंशांच्या वर, म्हणजे लाळ आणि अन्न चुकून श्वासनळीत उतरत नाही. सकाळ-संध्याकाळ दात घासायचे. हे मला पहिल्यांदा चैन वाटलं होतं. खाटेवर पडलेल्या माणसाचे दात, तेही दोनदा? फिजिओथेरपीवाल्या मुलीने समजावलं की तोंडात साचलेले जंतूच झोपेत हळूहळू छातीत झिरपतात, आणि रुग्णालयात होणाऱ्या न्युमोनियाची ती एक मोठी वाट आहे. तेव्हापासून मी मऊ ब्रश आणि एक वाटी घेऊन बसायचे. मावशीच्या खालच्या ओळीत चारच दात शिल्लक, त्यांनाही ती "जातील आता, कशाला घासतेस" म्हणायची, आणि तरी आ करायची. मग ते तीन चेंडूंचं यंत्र. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तीन नळकांड्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की चेंडू वर चढतो. पहिल्या दिवशी एकच चेंडू थरथरला आणि खाली बसला. मावशी रागावली. पुढे पुढे दोन चढायला लागले, दुसरा जरा वर टिकायला लागला, तेव्हा तिने शेजारच्या खाटेवरच्या मुलीला बोलावून दाखवलं. तिसरा काही शेवटपर्यंत हलला नाही, पण दोन चेंडूंनीही फुप्फुसांचे तळाचे कोपरे उघडे राहतात, तिथे कफ साचत नाही.

दिवसा हे सगळं व्हायचं. रात्र झाली की जनेल बंद व्हायचं.

कोण बंद करायचं ते सांगता येत नाही, कारण सगळेच करायचे. वॉर्डात प्रत्येक खाटेशेजारी एक माणूस जमिनीवर चटई टाकून झोपलेलं असतं. बाहेर पाऊस, वाऱ्याचा एखादा झोत आत आला की कुठल्यातरी खाटेवरून आवाज यायचा, "जनेल धांप गो, वारें लागतलें." कुणीतरी उठायचं आणि धांपायचं. तासाभराने रात्रपाळीची सिस्टर यायची आणि उघडायची. ती वळली की पुन्हा बंद. वारं बाधतं ही भीती आमच्या हाडात आहे. बाळंतिणीला वारं, ऑपरेशन झालेल्याला वारं, तापातून उठलेल्याला वारं. मी ती भीती हसण्यावारी नेणार नाही. पावसाळ्यात ओल्या झोताने म्हाताऱ्या सांध्यांना त्रास होतोच, आणि उघड्या जनेलातून डास येतात, डासांबरोबर डेंग्यू येतो, हेही खरंच आहे. पण बंद केलेल्या त्या लांबलचक खोलीत वीस-पंचवीस आजारी आणि तितकेच निरोगी लोक रात्रभर एकमेकांनी सोडलेला श्वास आत घेत असायचे. पहाटे बाहेरून आत आलं की ते कळायचं. डेटॉलचा वास, ओल्या कपड्यांचा वास आणि त्याखाली एक कोमट, वापरलेला वास. छतावरचे पंखे जोरात फिरत असायचे, म्हणून सगळ्यांना वाटायचं हवा आहे. पंखा असलेली हवाच फिरवतो. नवी कुठून आणणार?

त्या वासाने मला आमच्या जुन्या घराची मागची खोली आठवली. आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना भाऊकाका म्हणायचो, तिथे राहायचे. त्यांना क्षय होता. तो शब्द घरात कुणी मोठ्याने म्हणायचं नाही, 'छातीचं दुखणं' म्हणायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. त्यांचं ताट वेगळं होतं, पितळीचं, काठावर खूण म्हणून कानशीने एक खाच पाडलेली. पेला वेगळा, तांब्या वेगळा. जेवण झालं की ते स्वतःच ताट विहिरीवर नेऊन राखेने घासायचे आणि खोलीच्या खुंटीवरच्या फळीवर पालथं घालायचे. आम्हा मुलांना त्या ताटाला हात लावायची बंदी. एकदा माझ्या चुलतभावाने त्यात चिंचोके मोजले म्हणून त्याला आंघोळ घालण्यात आली. आणि त्या खोलीचं जनेल? ते कायम बंद. शिंपल्यांच्या तावदानांचं जुनं जनेल होतं ते, चौकटीत शिंपले बसवलेले, दुधासारखा उजेड आत यायचा, पण हवा नाही. त्यांना वारं लागू नये म्हणून. संध्याकाळी आजी त्याच खोलीत त्यांच्याशी बोलत बसायची, कारण एकटं वाटू नये. कधी कधी आम्हालाही मांडीवर घेऊन.

ताट वेगळं, पेला वेगळा, आणि जनेल बंद. आज ते आठवलं की मला बसवत नाही.

कारण क्षय ताटातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो, आणि हे भाऊकाका खाटेवर होते तेव्हा जगाला माहीत झालेलं होतं. 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स यांनी क्षयरुग्णांच्या छोट्या वॉर्डातली हवा नळीने वर नेऊन गिनी पिगांच्या पिंजऱ्यांत सोडली होती. त्या प्राण्यांनी ना रुग्ण पाहिला, ना त्याच्या भांड्याला तोंड लावलं. फक्त हवा घेतली, आणि त्यांतल्या काहींना क्षय झाला. ज्या पिंजऱ्यांत जाणाऱ्या हवेवर आधी अतिनील किरण सोडले होते, तिथले प्राणी वाचले. त्याहून जवळची गोष्ट मद्रासची. तिथे 1956 साली क्षयाच्या औषधांचा अभ्यास करणारं केंद्र सुरू झालं. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवून आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच ठेवून तीच औषधं दिली. 1959 मध्ये दिसलं की घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे होतात, आणि पुढे घरच्यांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा कळलं की रुग्ण घरात राहिला म्हणून त्यांना क्षय जास्त झाला नाही. औषध सुरू झालं की रुग्णाची बाधा देण्याची ताकद झपाट्याने उतरते. धोका होता तो निदानाच्या आधीचा, जेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं आणि सगळे त्यांच्याशेजारी जेवत होते. भाऊकाकांना इंजेक्शनं चालू होती, पुढे गोळ्या. ते बरे झाले. बरे झाल्यावरही वीस-एक वर्षं त्या खाचेच्या ताटात जेवले. त्यांनी कधी दुसरं मागितलं नाही.

आमच्या समाजाला दूर ठेवणं येत नाही असं म्हणता येणार नाही. उलट फार चांगलं येतं. सोवळं-ओवळं, शिवताशिवत, महिन्याच्या चार दिवसांचा कोपरा, काही माणसांना देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत येऊ द्यायचं याचे नियम, हे सगळं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाळलं, आणि ते बहुतेक वेळा ज्याच्यापासून काही धोका नव्हता अशाच माणसावर पाळलं. म्हणून "बाहेर बसा" हे शब्द आपल्याकडे नुसते शब्द राहत नाहीत. त्यांना मागचं सगळं ओझं चिकटलेलं असतं. मामीने ऐकलं ते मास्कविषयी नव्हतंच. मागे लागलेला एक जुना आवाज तिने त्या सिस्टरच्या तोंडून ऐकला. ती ज्या घरातली आहे त्या घरातल्या बायकांनी तो आवाज किती ऐकला असेल याची मला कल्पना आहे.

मास्कच्या बाबतीत माणसाचा मान किती आड येतो याची एक गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. 1910-11 च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने 60 हजारांच्या आसपास माणसं मेली. तिथे पाठवलेला वू ल्येन-ते हा मलायात जन्मलेला तरुण डॉक्टर म्हणाला की हा रोग उंदरांच्या पिसवांमुळे नव्हे, माणसाच्या श्वासातून पसरतोय, तेव्हा कापूस आणि गॉझच्या घड्यांचा मास्क सगळ्यांनी लावा. मेस्नी नावाचा एक फ्रेंच डॉक्टर वयाने आणि अनुभवाने मोठा होता. कालच्या पोराने आपल्याला शिकवावं हे त्याला सहन झालं नाही. तो मास्क न लावता रुग्णांना तपासायला गेला आणि थोड्याच दिवसांत प्लेगने वारला. त्यानंतर हार्बिनच्या रस्त्यांवर मास्क दिसू लागले. एवढा शिकलेला माणूस जिथे दुखावला जातो, तिथे सातवीपर्यंत शिकलेल्या मामीकडून मी वेगळी अपेक्षा का करावी?

श्वासावर पहारा ठेवता येत नाही, पण हवेचं करता येतं, आणि हवेचं करताना कुणाला उठवावं लागत नाही. मला या सगळ्यात सापडलेला दिलासा हाच आहे. इफ्फीच्या, म्हणजे चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत पणजीला गेले की मी जुन्या गोमेकॉच्या, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, इमारतीतून मुद्दाम एक फेरी मारते. पणजीत 1842 साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारी ती वास्तू मांडवी नदीकडे तोंड करून उभी आहे. आता तिथे सिनेमाचे प्रतिनिधी गळ्यात पट्टे घालून कॉफी पीत असतात. मान वर केली की छत कुठल्या कुठे, आणि जनेलं माणसाच्या दीडपट उंच, समोरासमोर, नदीवरचा वारा एका बाजूने येऊन दुसरीकडून निघून जाणारा. असं बांधायची पद्धत पडली तेव्हा लोकांना जंतू माहीत नव्हते. कुजलेल्या हवेने रोग होतात असं ते मानायचे. कारण चुकीचं, पण बांधलं ते बरोबर. पेरूची राजधानी लिमा इथल्या 8 रुग्णालयांतल्या 70 खोल्यांची हवा मोजून 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारं-जनेलं उघडली की खोलीतली हवा तासाला सरासरी 28 वेळा बदलत होती. महागड्या यंत्रांनी हवा खेचणाऱ्या नव्या खोल्यांमध्ये 12 वेळा. आणि सगळ्यांत चांगली हवा होती ती 1950 पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या जनेलांच्या जुन्या वॉर्डांत. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये नैसर्गिक वायुवीजनासाठी सूचना काढल्या तेव्हा साध्या वॉर्डातही दर रुग्णामागे सेकंदाला 60 लिटर ताजी हवा हवी असं सांगितलं. आणि तीच संघटना 2020 च्या सुरुवातीला कोविड हवेतून पसरत नाही असं ठामपणे सांगत होती. जुलैमध्ये 239 शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहावं लागलं, तेव्हा कुठे सूर बदलायला लागला. तोवर आपण भाजी साबणाने धूत होतो, पिशव्या उन्हात ठेवत होतो, आणि घराची जनेलं लावून बसलो होतो.

हात धुणं वाया गेलं असं मला म्हणायचं नाही. लहान मुलांच्या छातीत उतरणारा आरएसव्ही आणि साध्या सर्दीचे विषाणू हातांवरूनही जातात. वॉर्डात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना सिस्टर हातांना जेल चोळते ते अगदी आवश्यक असतं, आणि भेटायला गेलेल्यांनीही ते खाटेला हात लावायच्या आधी करावं. पण हात धुणं दिसतं, बाटली दारात ठेवता येते, फोटोही निघतो. हवा दिसत नाही, म्हणून तिची काळजी राहून जाते.

आमचा फोंड्यातला फ्लॅट घेताना मी स्वयंपाकघराचं कपाट बघितलं, पार्किंग बघितलं, जनेलं बघितली नाहीत. कुणीच बघत नाही. सगळीकडे अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा. पूर्ण सरकवल्या तरी अर्धंच जनेल उघडतं, उरलेल्या अर्ध्यावर दुसरी काच बसलेली. शिवाय डासांची जाळी, आणि जाळीत धूळ बसून ती इतकी दाट झालेली की अगरबत्तीचा धूरही पलीकडे जायला नाखूश. जाळी काढून धुतली तर खोलीतला फरक त्याच दिवशी कळतो, हे मी आता सगळ्यांना सांगत असते. बेडरूममध्ये स्प्लिट एसी. तो बाहेरची हवा आत घेतो असं कितीतरी सुशिक्षित माणसांना वाटतं. तो आतलीच हवा थंड करून परत देतो. नातू सर्दी घेऊन शाळेतून आला आणि रात्री आई-बाप-मूल त्या बंद खोलीत एकत्र झोपलं, की तिसऱ्या दिवशी तिघांचे आवाज बसलेले असतात. आमच्या जुन्या घराला मध्ये राजांगण होतं. तुळस, वर आभाळ, चारी बाजूंनी खोल्या, कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जायची. एकाला खोकला झाला की घरभर व्हायचा नाही असं नाही, वीस माणसांच्या घरात होणारच. पण आजारी माणूस सोप्यावर झोपायचा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, तरी मोकळ्या हवेत. भाऊकाकांना तो सोपा मिळाला असता तर, असं माझ्या मनात येतं.

घरात कुणाला ताप-खोकला आला तर आता आम्ही जे करतो ते कुणालाही जमण्यासारखं आहे. आजारी माणसाने मास्क लावायचा, आणि चांगला, नाकाशी नीट बसणारा, कारण जिथून बाहेर पडतं तिथेच अडवलं तर सगळ्यांत जास्त अडतं. जवळ बसणाऱ्यानेही लावायचा. आजाऱ्याच्या खोलीत टेबलफॅन जनेलाकडे तोंड करून ठेवायचा, म्हणजे हवा बाहेर फेकली जाते आणि दुसऱ्या बाजूच्या फटीतून नवी आत येते. फ्लू लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच दुसऱ्याला देता येतो, त्यामुळे सगळं काही माणसाच्या हातात नसतं, म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना फ्लूची लस पावसाळ्याच्या आधी. आपल्याकडे फ्लूची एक लाट पावसाळ्यातच येते, आणि ही लस दरवर्षी घ्यावी लागते हे अजून फार जणांना माहीत नाही. ताट मात्र कुणाचंही वेगळं काढायचं नाही, नेहमीसारखं साबणाने घासलं की झालं. या एका बाबतीत मी घरात हटून बसते.

मध्ये एकदा मी गावी जाऊन मामीला भेटले. माफी मागायला म्हणून गेले नव्हते, कारण माफी कुणी कुणाची मागायची हेच मला ठरवता येत नव्हतं. तिने चहा केला, तवसळी दिली, मावशी कशी आहे विचारलं. मी तिला खुबा, न्युमोनिया, पलीकडची ऑक्सिजनवरची म्हातारी, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पयलीं सांगिल्लें जाल्यार हांवें फोन केल्लो." आधी सांगितलं असतं तर फोन केला असता. आणि थोडं थांबून, "बाळंतिणीकडे आम्ही बारशापर्यंत जातो का? नाही जात. कुणाला वाईट वाटतं का?"

तिचं म्हणणं मला पटलं. सोयर पाळताना कुणाचा अपमान होत नाही, कारण तो नियम सगळ्यांना आधीच माहीत असतो आणि सगळ्यांना सारखा असतो. दारात आलेल्या माणसाला अडवावं लागत नाही, कारण तो दारात येतच नाही. त्या प्रथेत बाळंतिणीला अस्पर्श मानण्याचा जो भाग आहे तो मला नको आहे. पण आधीच ठरलेलं असणं, ते हवं आहे. सर्दी-खोकला असेल तर रुग्णालयात जायचं नाही, आठवडाभराने जायचं, तोवर फोनवर बोलायचं, आणि त्याचा हिशेब कुणी ठेवायचा नाही, हे जर गावाचं, घराण्याचं, कुळागरातल्या शेजाऱ्यांचं आपसांत ठरलेलं असेल तर त्या बिचाऱ्या सिस्टरला भर वॉर्डात बोलावं लागणार नाही. तिलाही ते आवडत नसणार. तिच्याही घरी एक मामी असेल.

यंदा चवथीच्या आधी मी हे घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. चवथीला मूळ घरी पन्नास-साठ माणसं जमतात, पुण्या-मुंबईची, आखातातली, पाच महिन्यांच्या बाळापासून मावशीपर्यंत, जी आता वॉकर घेऊन येते. देवाची खोली लहान. वर माटोळी बांधलेली, खाली गणपती, आणि आरतीला सगळे आत. घुमट, शामेळ, कांसाळें ही वाद्यं, आणि तासभर गळा फाडून आरत्या. मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात समूहगानाच्या एकाच तालमीला 61 जण जमले होते, त्यांतल्या पन्नासहून अधिक जणांना कोविड झाला आणि दोघे दगावले. गाताना माणूस बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आणि कितीतरी जास्त तुषार बाहेर टाकतो. आणि आमच्याकडे आरतीच्या वेळी जनेलं हमखास बंद करतात, कारण वाऱ्याने समई विझते आणि ते अशुभ. आरत्या बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. त्या आवाजासाठी तर वर्षभर वाट बघते. मी लिहिलं ते इतकंच, की ताप-खोकला असेल त्याने यंदा येऊ नये, त्याचा प्रसाद घरपोच जाईल आणि कुणी काही विचारणार नाही. साधी सर्दी असेल त्याने सोप्यावरून आरती म्हणावी, तिथेही आवाज पोचतो. आणि आत हवा खेळती ठेवायची काहीतरी सोय करू.

आधी दोन दिवस कुणी उत्तर दिलं नाही. मग एका काकांनी लिहिलं की चवथीला घरच्याला येऊ नको म्हणायची पद्धत आपल्यात नाही. मी त्यांना फोन केला, बराच वेळ बोललो. त्यांचं मन पूर्ण वळलं नाही, पण भाऊकाकांच्या ताटाचं नाव काढल्यावर ते गप्प झाले. त्यांनाही ती खाच आठवत होती. रात्री चुलतभावाचा, त्याच चिंचोकेवाल्याचा, निरोप आला. देवाच्या खोलीच्या मागच्या जनेलाला झडपेचा एक्झॉस्ट फॅन बसवायचा, पाऊस आत येणार नाही असा, आणि मागचं दार उघडं ठेवायचं. समईभोवती लावायला काच तो म्हापशाच्या बाजारातून आणणार आहे. फॅनचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा की त्याने एकट्याने, यावर आता ग्रुपवर वाद चालू आहे.